शेवटचा एस

वडगावात खाली चार माग चालतात,
वर मी नावं विकत बसतो.
नुसती नावं. माल नाही, गाळा नाही,
डॉट कॉमच्या अलीकडची अक्षरं.
हंचिनमनी मास्तर जिना चढून येतात, विचारतात,
"ह्यात मोजायचं काय रे?"
अक्षरंच मोजायची, मास्तर.
कमी तितका भाव.

त्या रात्री दोन नावं लिलावात सुटली होती:
शहापूरसाडी, इंग्रजी लिपीत,
आणि तेच, शेवटी एस लावून.
खात्यात साडेअकरा हजार. एकच घेता येणार होतं.

बाई दुकानात शिरते ती "साड्या दाखवा" म्हणत,
पिशवीत नेते एकच.
शोधताना अनेकवचन, पैसे देताना एकवचन.
मग पाटी कुठली लावायची?
ज्याला गर्दी हवी तो एस मागतो,
ज्याला नाव हवं तो टाळतो,
आणि माझं गिऱ्हाईक यातलं कुठलं
हे मला कुठे माहीत होतं?

आई खाली कांड्या भरत होती.
"कशाला पाहिजे रे एस न् बीस?
एक माग. चार माग.
शब्द हाय तसाच राहतोय की.
वाढतंय ते लाइटबिल."
शेजारची गंगव्वाही येरडु सीरे म्हणते,
दोनसाठी वेगळं रूप
तिच्या जिभेला लागतच नाही.

त्याआधी एकदा मी बेळगावकुंदा घेऊन ठेवलेलं,
जुन्या स्पेलिंगात.
मग एका नोव्हेंबरात गावाचंच स्पेलिंग बदललं
आणि ते नाव माझ्या गळ्यात राहिलं.
कुंद्याला अनेकवचन नाही एवढंच बरं.
पाव किलो, अर्धा किलो, संपलं.

एस सोडला. एस नसलेलं घेतलं.
कुणीतरी माझ्या बोलीवर शंभर-शंभर चढवत होतं
पहाटे दोनपर्यंत, मग थांबलं.

चार वर्षं नूतनीकरण भरलं.
पाचव्या वर्षी बंगळूरूहून फोन.
"एसवालं पण आहे का तुमच्याकडे?
जोडी असेल तर दीड लाख.
सुटं नको. लोक एक अक्षर चुकतात
आणि शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसतात."

एसवाल्याचा पत्ता झाकलेला होता.
तिथल्या रिकाम्या चौकोनात मी चार ओळी टाकल्या.
दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, मराठीत:
शालन उचगावकर, खासबाग,
पिठाच्या गिरणीच्या वर.
चालत बारा मिनिटं.
शंभर-शंभर चढवणारी हीच.

तिनं चहा दिला, कपाला कान नव्हता.
"तुम्ही एकवचन का घेतलंत?"
"तुम्ही एस का?"
"आमच्यात अकरा माग होते. आता भंगारात गेले.
एक कसं लिहू?"
मग पैशांचं निघालं.
मी म्हटलं, मूळ नाव माझं, लाख माझे.
ती म्हणाली, गर्दी माझ्याकडे येते, लाख माझे.
आवाज चढले, गिरणीचा पट्टा थांबला,
आणि आम्ही एकेरीवर आलो.
तू काय समजतोस, तू काय समजतेस.

आठवडाभर फोन नाही.
तोवर बंगळूरूचा माणूस
कसलंसं तिसरंच नाव घेऊन मोकळा झाला,
ज्यात ना साडी ना शहापूर.

आता दोघांची मुदत एकाच आठवड्यात संपते, मार्चात.
तिचा मेसेज येतो: "भरलास?"
मी लिहितो: "उद्या. तू?"
भांडणातलं ते एकेरी तसंच राहून गेलं,
परत तुम्ही म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

मास्तर म्हणतात, दोन्ही एकाच्या नावावर करा, भाव येईल.
येईल.
खाली तिसरा माग अडकलाय,
आई हाक मारतेय, धागा सापडत नाही म्हणून.